तानुकीचं पोट

कलासमीक्षक हसत नाहीत असं नाही. पण कलाकृतीपुढे हसू फुटलंच, तर ते आधी इकडेतिकडे बघून घेतात. 'अवकाश', 'आकृतिबंध', 'अस्तित्वाची वेदना' असले शब्द तोंडात तयार ठेवणाऱ्या माणसाची जपानातल्या शिगाराकी गावी मोठीच पंचाईत व्हावी. तिथे दारोदारी तानुकी उभा असतो. तानुकी हा कुत्र्याकोल्ह्यांच्या कुळातला एक केसाळ प्राणी. लोककथांतून रूप पालटून माणसांना फसवणारा. मातीचा तानुकी मात्र दोन पायांवर उभा. डोक्यावर गवताची टोपी, एका हातात दारूची सुरई, दुसऱ्या हातात उधारीची वही आणि पुढे पोट. पोटाखाली जे लोंबतं त्याला तिथले लोक धनाची थैली समजतात. आपण सभ्य वाचक. आपणही तेच समजू. त्याच्या अंगावरच्या आठ गोष्टींचे आठ शुभ अर्थ लावतात. उधारीची वही म्हणजे म्हणे विश्वास! आमच्या वाण्याला हा अर्थ अजून कुणी सांगितलेला नाही.

शिगाराकी ही जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एक. रांजण-बरण्यांच्या या गावात फुजिवारा तेत्सुझो या कुंभाराने १९३० च्या दशकात तानुकी घडवायला घेतले. १९५१ साली सम्राट हिरोहितो आले, तेव्हा गावकऱ्यांनी तानुकींच्या हाती झेंडे देऊन त्यांच्या रांगा लावल्या. अशा वेळी आपण शाळेची पोरं उन्हात उभी करतो. तानुकींना निदान भोवळ येत नाही. सम्राटांनी त्यांच्यावर कविता केली आणि तानुकी देशभर गाजले.

आता प्रश्न असा, की साच्यातून ढिगाने निघणाऱ्या या प्राण्यात कला ती कुठली? माझ्या मते ती पोटात आहे. मडक्याला तोंड, गळा, पोट, कान, बूड हे सगळं आपल्या मराठीनेच देऊन ठेवलं आहे. कुंभाराला फक्त शेपूट जोडायचं राहतं. तानुकी हा रांजणाचा सख्खा मावसभाऊ. शिगाराकीची खडबडीत, खडेदार माती मोठी भांडी पेलते आणि या गोलाईत सुखावते. जनावर मातीवर लादलेलं वाटत नाही.

तोकोनामे गावी एका रस्त्याच्या भिंतीवर ३९ कलावंतांनी केलेल्या ३९ मांजरी आहेत, प्रत्येकीकडे वेगळ्या आशीर्वादाचं काम. कल्पना गोड खरी, पण मंत्रिमंडळासारखं खातेवाटप झालं, की मांजरीचा मांजरपणा उरतो किती? उलट १९८० साली जन्मलेले आणि शिगाराकीच्या मातीत हात मुरलेले शिल्पकार ओतानी 'ओतानी वर्कशॉप' या नावाने अर्धवट झोपेतल्या चेहऱ्यांचे जे जीव घडवतात, त्यांच्यावर बोटांचे ठसे तसेच असतात. ते जीव मला आवडतात. मात्र दालनातल्या पांढऱ्या चौथऱ्यावर ते जरा अवघडून बसल्यासारखे दिसतात. तानुकी खाणावळीबाहेर पावसात उभा राहून हसतो. विनोदाची परीक्षा तिथेच होते.

आणि एक कारागिरीची गोष्ट. मूर्ती आतून पोकळच ठेवावी लागते. जाड, भरीव मातीत ओल राहिली, तर भट्टीत वाफ होऊन मूर्ती फुटते. म्हणजे एवढं ऐटबाज पोट, पण आत काही नाही. आणि त्याबद्दल तानुकीची काडीची तक्रार नाही. समीक्षकाने त्याच्यासमोर जरा वेळ उभं राहायला हरकत नाही. इकडेतिकडे न बघता.