भाकिताची भाषा : ‘येईल’ आणि ‘येणारच’

‘केळव्यास पाऊस येईल’ हे अनुमान. ‘येणारच’ ही ग्वाही. निवडणुकीच्या भाकितांत हा भेद सर्रास पुसला जातो, हा त्यांचा मुख्य दोष होय. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मोजणीअखेर व्ही. व्ही. गिरी हे नीलम संजीव रेड्डी यांच्यापेक्षा ८७,९६७ मतांनी पुढे होते. परंतु विजयास आवश्यक ४,१८,१६९ मते त्यांस लाभली नव्हती. चिंतामणराव देशमुखांसह मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजताच ते अंतर अवघे १४,६५० उरले. गिरी विजयी झाले. तथापि पहिल्या आकड्यांवरून ‘येणारच’ म्हणणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही. भाकिताची परीक्षा केवळ निकालावरून करू नये. योजिलेल्या क्रियारूपाचा भार उपलब्ध पुरावा पेलतो काय, हे आधी पाहिले पाहिजे.