पाण्यातल्या शहराचे पिण्याचे पाणी

शेंगेन व्हिसाच्या अर्जात 'प्रवासाचे प्रयोजन' विचारणारा एक रकाना असतो. पर्यटन, व्यवसाय, आप्तांची भेट असे पर्याय तेथे छापलेले असतात. अर्जदाराने त्यांपैकी एकापुढे खूण करावयाची. आम्ही 'पर्यटन' या शब्दापुढे खूण केली आणि अर्ज मिटला. पण वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला स्वतःचेच लेखी विधान पुराव्याविना सोडून देणे जड जाते. आमच्या जुन्या शास्त्रग्रंथांत आरंभीच विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकण्याची शिस्त होती. यांपैकी नेमके प्रयोजनच परक्या सरकारने आम्हांस विचारावे आणि आमच्याजवळ छापील शब्दावाचून उत्तर नसावे, याचे वैषम्य वाटले.

प्रसंग साधा होता. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. त्याने काका-काकूंना बोलावले आणि परतण्यापूर्वी तीन दिवस व्हेनिस पाहून घ्या असा आग्रह धरला. हळ्ळीखेड (बी) सारख्या गावाहून निघून हैदराबादेस विमान धरणाऱ्या माणसाने तीन दिवसांच्या शहराची तयारी कशी करावी? आम्ही आमच्या सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळलो. गेल्या काही वर्षांतील दिवाळी अंक, मासिके, मित्रांनी छापून घेतलेली प्रवासवृत्ते, जे हाती आले ते वाचले. त्यासोबत एका प्रवासी कंपनीची कार्यक्रमपत्रिकाही वाचली. हे टिपण त्या वाचनाचे फळ आहे.

कार्यक्रमपत्रिका आम्ही मुद्दाम दोनदा वाचली. तिच्यात व्हेनिसच्या वाट्यास अर्धा दिवस आला आहे: सेंट मार्कचा चौक, उसाशांचा पूल बाहेरून, काचेच्या कारखान्यात फुंकणीचे प्रात्यक्षिक, ज्यादा पैसे भरल्यास गोंडोला. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. ती विकण्यासाठी लिहिलेली आहे आणि तसे लपवीत नाही. तक्रार आहे ती प्रवासवृत्तांविषयी. त्यांतील बहुतेक म्हणजे हीच कार्यक्रमपत्रिका भूतकाळात घातलेली आहे. 'पाहावे' च्या जागी 'पाहिले' आले, मध्ये दोन विशेषणे आली, जेवणात वरणभात न मिळाल्याचा विनोद आला, की वृत्त पुरे झाले. पाणी तर सर्वांनीच वर्णिले आहे. ते हिरवे आहे, नितळ नाही, त्यात महाल थरथरतात, आणि सूर्यास्ती ते सोन्याचे होते. अकरा लेख वाचल्यावर आम्हांस ते पाणी पाठ झाले.

दोष मुक्कामाच्या तुटपुंजेपणाचा आहे असे लेखकच पुष्कळदा सांगतात. अवघे एक दिवस होतो, काय पाहणार! हा बचाव आम्हांस ग्राह्य वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात राज्यव्यवस्था, शिक्षण, घरसंसार, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे पाडली आहेत. आज येथे आणि उद्या तेथे असा रोजनिशीचा क्रम त्यांनी दुय्यम मानला. काय विचारावयाचे ते ठाऊक असल्याविना अशी प्रकरणे पडत नाहीत. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवावयास. सौंदर्य पाहावयास निघालेला माणूस असता तर 'माझा प्रवास' आपणांस लाभला नसता. आणि आमच्याच जिल्ह्याचे उदाहरण द्यावयाचे तर, १४७० च्या सुमारास त्वेर गावचा रशियन व्यापारी अफानासी निकीतिन चौलास उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला, तो एक घोडा विकावयास. घोड्याच्या सौद्याने त्याचे डोळे उघडे ठेवले होते. म्हणूनच अमीरउमरावांच्या चांदीच्या पालख्यांबरोबर खेड्यापाड्यांतील माणसांची उघडीवाघडी दैन्यावस्था त्याने टिपली आणि आमच्या शेजारच्या आळंदच्या जत्रेतील बाजारही टिपला. आम्ही बिदरचे असून बहमनी काळचे बिदर कसे वागत होते ते त्या परक्याकडून शिकतो. तेव्हा मुदत अपुरी असते हे खरे, पण प्रश्नच नसेल तर महिनाही अपुरा पडेल.

आमचा प्रश्न कोणता असावा? संबंध शोधू लागलो तेव्हा व्हेनिस अगदीच परके निघाले नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' १८६७ साली छापले गेले. शेक्सपिअरच्या पहिल्या मराठी भाषांतरांपैकी हे एक आणि त्याचा पडदा उघडतो व्हेनिसच्या रस्त्यावर. १८९० साली देवलांनी 'झुंजारराव' लिहिताना कथा देशी केली आणि व्हेनिस गळाले. नाटकास त्याचा लाभच झाला, पण शहर मराठी कल्पनेतून तेव्हापासून सुटले ते सुटलेच. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मधील खटल्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. पोर्शियेचा मांस-रक्ताचा युक्तिवाद आमच्या हुमनाबादच्या न्यायालयात पहिल्या हरकतीसरशी कोसळला असता, एवढे सांगून पुढे जातो.

याहून जवळचा संबंध आमच्या आजीच्या गळ्यात होता. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी हे मूळचे व्हेनिसचे सोन्याचे नाणे. १२८४ पासून ते पाडले जात होते आणि १७९७ साली नेपोलियनपुढे ते गणराज्य कोसळेपर्यंत त्याचे रूप फारसे पालटले नाही: एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला नगराधिपती, दुसऱ्या बाजूस ख्रिस्त. मसाल्याच्या मोबदल्यात हे सोने पश्चिम किनाऱ्यावर उतरत असे. पुढे आमच्या सोनारांनी त्याच्या प्रतिकृती ठोकल्या आणि नाण्यावरच्या आकृतींना पुतळ्या म्हणून टाकले. गोमंतकीय वाचकांस या कथेची दुसरी बाजू सांगावयास नको. १४९८ नंतर पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून जो मार्ग चालू केला त्याच्या वार्तेने व्हेनिसच्या पेढ्यांत काळजी पसरली. आणि पुढे १५१० पासून ज्या गोव्यास त्यांनी राजधानीची कळा आणली, ते जुने गोवे आज ओसाड चर्चांचे गाव आहे. व्हेनिस निदान अजून वसलेले आहे.

'निदान अजून' हे शब्द आम्ही जपून वापरले. १९५१ च्या सुमारास त्या ऐतिहासिक बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहात होती. २०२२ साली हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. घरे पाहुण्यांस भाड्याने दिली जातात आणि भाजीवाला मुखवटे विकू लागतो. दिवसापुरते येणाऱ्यांवर २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेशशुल्क बसविण्यात आले. आम्ही जाणार तेही त्या ओझ्यात भर घालूनच, म्हणून आमच्या प्रयोजनाची किंमत आम्हीच काढणे रास्त होते.

आमच्या भागातील माणूस कोठल्याही गावी गेला तर पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याच्या वाघिणी घेऊन आगगाडी शेजारच्या लातूरला आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या घरची घागर ज्या नजरेने पाहिली ती नजर अजून गेलेली नाही. या नजरेने व्हेनिसची अकरा वर्णने वाचताना आम्हांस सारखे वाटत राहिले की यांपैकी एकानेही विचारू नये ना, की चोहोंकडे खारे पाणी असलेल्या या शहरात लोक पीत काय होते?

उत्तर पुष्कळ काळ जमिनीखाली होते. व्हेनिसच्या चौकांत मध्यभागी दगडी कोरीव कठडे दिसतात. छायाचित्रांत पाहुणे त्यांवर बसून पोळीसारखे काही खात असतात. ती विहिरींची तोंडे आहेत. पण त्या विहिरींना झरे नाहीत. चौक काही मीटर खोल खणावयाचा, खड्ड्यास चिकणमातीचे अस्तर द्यावयाचे म्हणजे खारे पाणी आत शिरत नाही, तो नदीच्या वाळूने भरावयाचा आणि मधोमध विटांची नळी उभारावयाची. चौकाच्या फरशीस उतार देऊन पावसाचे पाणी जाळीदार दगडांतून वाळूत उतरते, गाळले जाते आणि मधल्या नळीत साठते. म्हणजे चौक हाच पाणलोट. गेल्या शतकाआधीच्या एका मोजणीत अशा विहिरी सहा हजारांवर भरल्या होत्या. सार्वजनिक विहिरींना झाकणे आणि कुलपे असत. वस्तीच्या मुखियाकडे किल्ली राही आणि घंटा झाली की सकाळ-संध्याकाळ ती उघडीत. पाऊस ओढला तर ब्रेंटा नदीचे पाणी होड्यांतून आणून विहिरींत ओतणाऱ्यांचा स्वतंत्र संघ होता. लातूरची आगगाडी आम्हांस अपूर्व वाटली होती. व्हेनिसला पाण्याची होडी शेकडो वर्षे येत होती. मुख्य भूमीवरून नळ आला तो १८८४ साली.

वकिलाचे कुतूहल येथून पुढे सरकते. १५०१ पासून त्या गणराज्यात पाण्यासाठी स्वतंत्र अधिकारपीठ होते. गाळाने खाजण बुजू नये म्हणून त्यांनी नद्यांची तोंडेच वळविली. त्या पीठाच्या नावाचा वारस असलेले सरकारी खाते २०१४ साली रद्द झाले, आणि तेही पूर अडविणाऱ्या दरवाजांच्या प्रकल्पातील लाचलुचपत उघड झाल्यावर. ते दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० रोजी खऱ्या भरतीपुढे प्रथम उचलले गेले आणि चौक कोरडा राहिला. आमच्या बिदरजवळ नौबादला बहमनी काळात इराणी पद्धतीने खोदलेला करेझ आहे, जांभ्या खडकातून जाणारा भुयारी पाट, वर श्वासाच्या विहिरी. खोदणाऱ्यांचे कौशल्य आम्ही परदेशी पाहुण्यांस अभिमानाने सांगतो. पण किल्ली कोणाकडे होती, पाणी वाटण्याचा निवाडा कोण करी, हे आम्ही कधी विचारले नाही. आमच्या लेखांत जसा व्हेनिसचा सूर्यास्त, तसाच आमच्या भाषणांत करेझ.

'कलेसाठी कला' म्हणणारे फडक्यांच्या पंथाचे वाचक येथे हरकत घेतील की आम्ही सौंदर्याची जप्ती करून नळखात्याची तपासणी करीत आहोत. हरकत अंशतः मान्य. सेंट मार्कच्या छतावरील सोनेरी कुट्टिमचित्रे आम्ही पाहणार आहोत आणि तेव्हा कुलूपकिल्लीचा विचार मनात राहणार नाही, अशी आशा आहे. पण सौंदर्य हेच प्रयोजन म्हणून लिहिणाऱ्यांनी आम्हांस सौंदर्य तरी दिले का? त्यांनी दिली ती विशेषणे. एका चौकात विहिरीचा कठडा दोरांनी घासून खाचला आहे, हे वाक्य आम्हांस कोणी दिले असते तर सूर्यास्त आम्ही माफ केला असता.

तेव्हा कार्यक्रम असा बेतला. महिना मार्चचा पूर्वार्ध. शरद-हिवाळ्यातील मोठ्या भरत्या ओसरलेल्या आणि एप्रिलपासूनची शुल्काची गर्दी सुरू न झालेली. मुक्काम शहरातच, म्हणजे दिवसापुरत्यांत आमची गणना नाही. पहिल्या दिवशी नगराधिपतीच्या वाड्याच्या अंगणातील काशाच्या दोन विहिरी, मग वरची न्यायदालने. दुसरा दिवस नुसता चालण्याचा, सान पोलोपासून एकेका चौकातून. तिसऱ्या दिवशी फ्रारीचा मठ, जेथे आता सरकारी दफ्तरखाना आहे. काचेचा कारखाना गाळला.

गोंडोला गाळताना मात्र घरात मतभेद झाला. अर्ध्या तासास ९० युरो हा नगरपालिकेने ठरविलेला दिवसाचा दर ऐकून आम्ही मोठ्या कालव्याच्या आरपार नेणारी दोन युरोंची नाव सुचविली. सौ. म्हणाल्या, "विहिरी तुम्ही बघा. लग्नाला बावीस वर्षे झाली, मला होडीत बसायचंय." यावर युक्तिवाद नव्हता, ९० युरो मान्य केले.

निघताना त्यांनीच विचारले, तिथल्या नळाचे पाणी पिता येते का? येते, आम्ही सांगितले, चौकांतून नळ वाहते असतात, पाणी मुख्य भूमीवरचे, पिण्याजोगे. त्यांनी बॅगेतला पितळी तांब्या तरीही काढला नाही. तो आजीचा आहे. माळ मोडली तेव्हा तेवढा राहिला.