‘दृश्यमानता शून्य’ म्हणजे किती?

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याची बातमी आली, की ‘दृश्यमानता शून्यावर’ हे शब्द मथळ्यात हमखास असतात. शब्दशः घेतले तर स्वतःचा हातही दिसायला नको! विमानतळावरील निरीक्षणांच्या सांकेतिक अहवालात कमी दृश्यमानता ५० मीटरच्या टप्प्यांनी, खालचा आकडा धरून लिहितात. तेथे शून्य म्हणजे ५० मीटरपेक्षा कमी, एवढेच. वार्ताहर संकेत उचलतो, अर्थ तिथेच राहतो.

आमची मुख्य तक्रार मात्र ‘दाट धुके’ या शब्दांबद्दल आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणात दाट धुके म्हणजे ५० ते २०० मीटर दृश्यमानता. योग्य उपकरणे असलेले विमान याहून कमी दिसत असतानाही दिल्लीत उतरू शकते. ट्रकचालकाचे काय? ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर गेले. पुढे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने घटला, तरी आणखी सुमारे ५० मीटर. एकूण ८० च्या वर. दृश्यमानता १८० मीटर असेल तर तो वाचतो, ६० असेल तर नाही. इशाऱ्यात मात्र दोन्ही ‘दाट’च. वेग ५० ठेवला तर हेच अंतर ४० मीटर भरते. हे गणित नववीचा विद्यार्थी करू शकेल, वर्गात जरूर करून घ्यावे.

मग वेधशाळेने नेमका आकडा का देऊ नये? येथे टीकाकारांनीही जरा थांबले पाहिजे. आर्द्रता, मंद वारा आणि निरभ्र रात्र यांवरून धुक्याची शक्यता सांगता येते; पण त्यातून किती दिसेल, हे थेंबांच्या आकारावरही अवलंबून असते. घनमीटरभर हवेतले ०.१ ग्रॅम पाणी १० मायक्रॉन त्रिज्येच्या थेंबांत असेल, तर सुमारे २६० मीटर दिसते. तेच पाणी ५ मायक्रॉनच्या थेंबांत विभागले, की १३० मीटर! हवेत धुराचे कण जास्त असले, की थेंब बारीक आणि पुष्कळ होतात. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर जो प्रयोग चालवला, त्यात धुक्याबरोबर हवेतील कणांचीही मोजमापे घेतली गेली.

धुळीच्या वादळाची गोष्ट निराळी. धुक्याला शांत हवा लागते, याला जोराचा वारा. गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा धूळ उठवते, आणि सावध व्हायला वेळ फार थोडा मिळतो. ‘दृश्यमानता घटली’ या एकाच शीर्षकाखाली दोन्ही छापणे चुकीचे आहे.

धुक्यापुरते तरी एवढे जमावे: पहाटे ४ ते ८ या वेळात, अमुक रस्त्यावर, १०० मीटरपेक्षा कमी दिसण्याची शक्यता दहात किती, आणि त्या वेळी वेग किती असावा.