पक्ष्यासारखे फूल आणि केळीचे घराणे

पुण्याहून खडकवासल्याला आणि पुढे सिंहगडाच्या पायथ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला रोपवाटिका लागतात. तिथे ‘बर्ड ऑफ पॅराडाईज’ मागितले, तर पुढ्यात येणारे झाड दर वेळी एकच असेल याची खात्री नाही. कधी निळ्या-नारिंगी तुऱ्याचे खरे स्ट्रेलिट्झिया येते, तर कधी लाल-पिवळ्या लोंबत्या फुलोऱ्याचे हेलिकोनिया. अमेरिकेच्या काही भागांत हे नाव चक्क आपल्या शंखासुराला देतात, आणि तो तर चिंच-गुलमोहराच्या घराण्यातला, शेंगा धरणारा! विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने परदेशी बाजारातले नाव उचलले. पण तेच नाव शाळेच्या बागेतल्या पाटीवर येते आणि पाटीसोबत एक गोष्टही येते. आक्षेप आहे तो त्या गोष्टीला.

गोष्ट अशी सांगतात : हे फूल पक्ष्याचे रूप घेते, म्हणजे पक्षी फसून त्याच्याकडे येतात. ऐकायला गोड आहे, मुलांच्या लक्षातही राहते. पण जरा तपासून पाहू या. स्वर्गपक्षी राहतात न्यू गिनी आणि भोवतालच्या प्रदेशात. हे झाड आहे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातले. ज्या पक्ष्याची नक्कल केली असे म्हणायचे, तो त्या देशात नाहीच. (सिंहगडाच्या दरीत दिसणारा ‘स्वर्गीय नर्तक’ हा आणखी तिसराच. तो माशीमार पक्षी आहे, स्वर्गपक्षी नव्हे.) खुद्द दक्षिण आफ्रिकेत या फुलाला क्रौंचाचे फूल म्हणतात. म्हणजे पक्षी दिसतो तो माणसाच्या डोळ्याला, आणि कोणता पक्षी दिसावा हे ज्याच्या त्याच्या देशावर ठरते.

खरी हकिकत या गोष्टीपेक्षा सरस आहे, म्हणून तर ती झाकली गेल्याचे वाईट वाटते. ‘चोच’ वाटते तो फुलाचा भाग नसून होडीच्या आकाराचा छद आहे. त्याच्या आत अनेक कळ्या असतात आणि त्या एकामागून एक वर येतात. ‘तुरा’ म्हणजे प्रत्येक फुलाची तीन नारिंगी निदले. निळ्या पाकळ्याही तीनच. त्यांपैकी दोन जुळून बाणाच्या टोकासारखा भाला बनतो, तिसरी आखूड असते आणि मकरंदाच्या जागेवर झाकणासारखी बसते. पाच पुंकेसर त्या भाल्याच्या खोबणीत दडलेले असतात, कुक्षी मात्र टोकातून बाहेर डोकावते. मकरंदासाठी आलेला सुगरणीच्या जातकुळीतला विणकर पक्षी किंवा सूर्यपक्षी भाल्यावर बसला, की त्याच्या भाराने कडा फाकतात आणि चिकट पराग त्याच्या पायांना लागतात. पुढच्या फुलावर तेच पाय कुक्षीला टेकतात. निळा भाग म्हणजे पक्ष्याचे चित्र नव्हे, ती पक्ष्याला बसायला दिलेली दांडी आहे.

हे वर्गात दाखवायला खर्च नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवरून पाणी सोडून पाहतात. तीच रीत इथे चालते. ताज्या फुलाच्या निळ्या भाल्यावर पेन्सिल आडवी ठेवून हलके दाबावे, कडा उघडतात आणि पराग पेन्सिलीला लागतात. मग मुलांना विचारावे : पुण्यातल्या बागांत या झाडाला फळ का दिसत नाही? उत्तर पाटीवर नाही, पण पेन्सिलीवर आहे. मूळ देशाबाहेर हाताने परागण केल्याशिवाय याला सहसा बी धरत नाही. आपला शिंजीर या फुलावर येतो का, आला तर भाल्यावर बसतो की बाजूने चोच घालतो, हे आठ-पंधरा दिवस सकाळी पाहून वहीत टिपण्यासारखे आहे.

आता नावाकडे. स्ट्रेलिट्झिया हे नाव ठेवले सर जोसेफ बँक्स यांनी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची राणी शार्लट ही मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झची, तिच्या माहेरावरून. झाड 1773 मध्ये क्यू येथील बागेत पोचले होते. दरबाराला खूश करणारे नाव आहे, झाडाविषयी ते काही सांगत नाही. तेव्हा पाटीवर लॅटिन नाव लिहिले म्हणजे भागले, असे समजणाऱ्यांशीही माझे पटत नाही. मुलाला कळायला हवे ते या झाडाचे गोत्र.

ते गोत्र आपल्या स्वयंपाकघरात आहे. पूर्वी हे झाड केळीच्याच कुलात धरत. आता कुल वेगळे केले आहे, पण गण एकच. त्या गणात आठ कुले आहेत आणि केळ, आले, हळद, वेलदोडा, सोनटक्का, कर्दळ, हेलिकोनिया ही सगळी त्यातलीच. केळफुलाची भाजी करताना प्रत्येक फुलातून एक ताठ काडी आणि एक पारदर्शक पापुद्रा काढून टाकतात. काडी म्हणजे कुक्षीसह तिचा दांडा. पापुद्रा म्हणजे सुटी राहिलेली एक पाकळी, बाकीच्या दोन तिन्ही निदलांशी जुळलेल्या असतात. स्ट्रेलिट्झियातही दोन पाकळ्या एकत्र आणि तिसरी निराळी आहे, हे ताटात शेजारी शेजारी ठेवून दाखवता येते. केळफुलाचा तांबडा छद आणि त्या ‘चोचीचा’ छद यांचे कामही एकच, कळ्या झाकण्याचे.

पुंकेसर मोजायला लावले तर आणखी गंमत. मादागास्करच्या ‘ट्रॅव्हलर्स पाम’मध्ये सहा (हा पाम नव्हे, स्ट्रेलिट्झियाचा सख्खा भाऊ, बागांतून पंख्यासारखा उभा असतो). केळीत आणि स्ट्रेलिट्झियात पाच. आल्या-हळदीत एकच. कर्दळीत तर अर्धाच! उरलेल्या पुंकेसरांच्या तिथे रंगीत पाकळ्यांसारख्या पट्ट्या झाल्या आहेत, आणि आपण ‘कर्दळीचे फूल’ म्हणतो ते मुख्यतः त्याच पट्ट्यांना. फुलाचे भाग शिकवायला वर्षानुवर्षे जास्वंद घेतली जाते. ती सोयीची आहे, पण एकट्या जास्वंदीवर शिकलेले मूल कर्दळीपुढे अडते, आणि मग त्याला वाटते की आपल्याला वनस्पतिशास्त्र येत नाही.

या घराण्यातली एक अलीकडची नोंद शिक्षकांनी जरूर सांगावी. पांढऱ्या स्ट्रेलिट्झियाच्या काळ्या बीला नारिंगी केसांचा झुबका असतो. 2009 मध्ये त्यात बिलिरुबिन सापडले, तेच रंगद्रव्य जे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या विघटनातून तयार होते आणि वाढले की आपल्याला कावीळ होते. तोवर ते प्राण्यांतच असते असे मानले जाई.

परकीय झाड म्हणून स्ट्रेलिट्झियाला नाके मुरडण्याचे कारण नाही. ते कुठे पसरून उपद्रव देत नाही आणि शिकवायला उत्तम आहे. खटकते ते एवढेच, की त्याच्या शेजारी त्याचा इथला नातलग कुणी लावत नाही. सह्याद्रीच्या कडेकपारीत पावसाळ्यात रानकेळ दिसते. बुंधा फुगीर, पिले फुटत नाहीत. उन्हाळ्यात पाने वाळून जातात आणि पावसाबरोबर परत येतात. वाढ बीपासून, आणि एकदा फळले की झाड मरते. फळात गर थोडा, बिया मोठ्या व कठीण. खायच्या केळीला बी नसते आणि ती पिलांवर वाढते. या दोन केळींतला फरक विचारला, तर प्रजननाचा अख्खा धडा बागेत उभा राहतो. शाळेच्या आवारात जागा असेल तर स्ट्रेलिट्झिया, कर्दळ, हळद, साधी केळ आणि रोपवाटिकेत मिळाल्यास रानकेळ एका वाफ्यात लावावीत. रानकेळ डोंगरातून उपटून मात्र आणू नये. पाटी एकच पुरे, तीवर लिहावे : ‘केळीचे घराणे. पुंकेसर मोजा.’