‘कॅनेल’ची पोच आणि देवनागरी संदेशांचा भार

मोबाईल कंपनीचे संदेशकेंद्र व संदेश पाठविणारी संस्था यांना जोडणारी ‘कॅनेल’ ही मुक्तस्रोत प्रणाली १९९९ मध्ये फिनलंडमधील ‘वॅपिट’ कंपनीने सुरू केली. तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. ‘बेअररबॉक्स’ संदेशकेंद्राशी संपर्क राखतो, तर ‘एसएमएसबॉक्स’ संस्थेच्या विनंत्या स्वीकारतो. भार वाढल्यास एसएमएसबॉक्सची संख्या वाढविता येते. परंतु दार रुंद केल्याने पुढची वाट रुंद होत नाही. संदेशकेंद्राची प्रतिसेकंद मर्यादा कायम राहते व उरलेले संदेश रांगेत साचतात. प्रणाली मात्र ‘स्वीकारले’ असे उत्तर आधीच देऊन मोकळी होते. ही पोच म्हणजे संदेश पोहोचल्याची पावती नव्हे. त्यासाठी वितरण-अहवाल वेगळा मागवावा लागतो. रांग डिस्कवर साठविण्याची सोय ऐच्छिक आहे. ती केलेली नसल्यास यंत्र बंद पडताच रांगेतील संदेश नाहीसे होतात.

मराठीत ही उणीव अधिक जाचते. रोमन लिपीतील १६० अक्षरे एका संदेशात मावतात, देवनागरीची केवळ ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. जोडसंदेशाच्या प्रत्येक भागात तर ६७ चिन्हेच बसतात. म्हणजे १५० चिन्हांच्या सूचनेचे तीन भाग होतात. सेकंदाला १० संदेशांची मर्यादा धरल्यास परीक्षा पुढे ढकलल्याची अशी सूचना १८,००० विद्यार्थ्यांना रोमन लिपीत ३० मिनिटांत रवाना होईल, देवनागरीत ९० मिनिटांत. ‘स्वीकारले’ हे उत्तर मात्र दोन्ही वेळा तितक्याच तत्परतेने मिळेल.