‘राजव्यवहारकोश’ आणि अर्थानुसारी कोशरचना

अकारविल्हे रचलेला कोश शब्दाकडून अर्थाकडे नेतो. अर्थ मनात आहे, परंतु शब्द आठवत नाही, अशा वाचकाची सोय अर्थानुसारी कोशच करू शकतो. पीटर रॉजेच्या १८५२ च्या इंग्रजी कोशामुळे ही पद्धती पाश्चात्त्य मानली जाते. वस्तुतः अमरकोशाची वर्गवार मांडणी तिच्याहून कितीतरी प्राचीन आहे. शिवकालात ही परंपरा १६७४ च्या राज्याभिषेकानंतर, रघुनाथ पंडितांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘राजव्यवहारकोशा’त अवतरली.

फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविणे, एवढ्यातच या कोशाचे महत्त्व पाहण्याचा प्रघात आहे. तो एकांगी होय. कोशाचे दहा वर्ग आहेत. आरंभी राजवर्ग, मध्ये शस्त्र, दुर्ग, लेखन इत्यादी आणि अखेरीस जनपद व पण्य. हा क्रम म्हणजे राज्यकारभाराविषयीच्या ज्ञानाचा आराखडाच आहे. मात्र तो राजसभेतून पाहिलेला आहे. कोणते वर्ग मानावयाचे आणि कोणता आधी ठेवावयाचा, यातच कोशकाराची दृष्टी व्यक्त होते.

या विचाराची कसोटी बोर्ली पंचतनसारख्या किनारी गावी घ्यावी. झावळी, पोय, सोडण, शहाळे हे शब्द अकारविल्हे कोशात परस्परांपासून दूर पडतात. अर्थानुसारी कोशात ते माडाच्या एकाच वर्गात येतात. उलट ‘आगर’ हा एकच शब्द नारळी-पोफळीची बाग आणि मीठ पिकविण्याची जागा असे दोन अर्थ वाहतो; शेजारच्या दिवेआगरच्या नावातही तो आहे. त्याला दोन वर्गांत स्थान द्यावे लागेल.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘मराठी शब्दबंध’ प्रामुख्याने हिंदी शब्दजालातील संकल्पना आधारास घेऊन वाढविलेला आहे. त्यामुळे भारतीय भाषा परस्परांशी जोडल्या गेल्या, हा लाभ मोठाच. परंतु आधारभूत भाषेत जी संकल्पना नाही तिची विचारणाच होत नाही, ही या रीतीची मर्यादा होय. आता यंत्रे लिखित मजकुरावरून शब्दांतील अर्थसंबंध स्वतःच ताडतात, म्हणून अशा कोशाची गरज संपली असेही म्हणता येत नाही. जे लिहिलेच गेले नाही, ते यंत्राला दिसणार नाही. भावी मराठी पर्यायकोशाची सामग्री म्हणूनच आगरात व बंदरावर गोळा करावी लागेल. आणि त्याची मांडणी जनपदवर्गापासून करावी लागेल.