राष्ट्रध्वजावरील चक्र : प्रचलित अर्थाचें परीक्षण

राष्ट्रध्वजावरील चक्राचे चोवीस आरे म्हणजे चोवीस सद्गुण, असा अर्थ शालेय भाषणांतून निःशंकपणें सांगितला जातो. मूळ ठरावाशीं ताडून पाहतां तो टिकत नाहीं.

घटनासमितीनें २२ जुलै १९४७ रोजीं संमत केलेल्या ठरावांत केशरी, पांढरा व गडद हिरवा असे तीन समान पट्टे सांगितले असून, मधल्या पट्ट्यावरील निळें चक्र हें चरख्याचें द्योतक म्हणून योजिलें आहे. त्याची आकृति मात्र सारनाथच्या अशोकस्तंभशीर्षावरील चक्राची. आऱ्यांची संख्या ठरावांत नाहीं. ती शिल्पाबरोबर आली. तेव्हां संख्येस सद्गुण जोडणें हें भाष्यकाराचें काम झालें, सूत्रकाराचें नव्हे.

संपूर्ण चरखा कां गळला, याचें कारण पं. नेहरूंनीं त्याच दिवशीं सांगितलें. ध्वजचिन्ह दोन्ही अंगांनीं सारखें दिसावयास हवें. चरख्याचें चाक एका बाजूस व चाती दुसऱ्या बाजूस असल्यानें तें जुळत नव्हतें. म्हणजे आकृति बदलली, अर्थ सोडला नाहीं. त्याच सभेंत डॉ. राधाकृष्णन् यांनीं चक्रांत धर्म व गति पाहिली, हें खरें. परंतु तें विवरण होय, ठरावाचा शब्द नव्हे.

रंगांचेंही असेंच आहे. १९३१ साली काँग्रेसनें केशरी रंगाचा अर्थ धैर्य व त्याग, तर हिरव्याचा श्रद्धा व शौर्य असा दिला. १९४७ मध्यें राधाकृष्णन् यांनीं केशरीचा अर्थ वैराग्य व हिरव्याचा भूमीशीं असलेलें नातें असा लाविला. सोळा वर्षांत रंग तेच राहिले, अर्थ पालटले. म्हणून कोणताही अर्थ सांगतांना तो कोणाचा व केव्हांचा, हें सांगणें अगत्याचें आहे.

चरख्याच्या विस्मरणानें हानि होते ती नागरिकाच्या वांट्याची. जर्मनींत शासनाचा गरुडांकित ध्वज वेगळा व नागरिकांचा साधा ध्वज वेगळा; भारतानें दोघांस एकच ध्वज दिला. तथापि तो वर्षभर उभारण्याची मोकळीक सामान्य नागरिकास २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेनें मिळाली, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानें तो मूलभूत हक्क मानला. पुढें ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनें यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या कापडासही मुभा झाली. ध्वज नागरिकाच्या हातीं आला, पण हातसुताचें बंधन सुटलें. आतां चरख्याची साक्ष ठरावाच्या एका शब्दांत उरली आहे; तो शब्द तरी वाचकांनीं गाळूं नये.